शिडांच्या काळातलं ब्रिटिश आरमार आणि त्यातली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही आरमाराची गोष्ट निघाली की जहाजं, तोफा आणि सेनापती येतात. माणसं कुठून आणली, त्यांचा पगार कोण देत होतं, नवख्या पोराच्या हाती जहाज कधी द्यायचं हे कोण ठरवायचं, असे प्रश्न मागे पडतात. इथली उत्तरं ब्रिटनच्या शाही आरमाराबद्दल आहेत, आणि काळ साधारण १६६० ते १८५३. या आरमाराने आपले अधिकारी लवकर घडवले. खलाशी मात्र ते दीडशे वर्षं नुसते पकडून आणत राहिलं.

एका लढाऊ जहाजाला माणसं लागायची तरी किती?

७४ तोफांचं जहाज हा त्या आरमाराचा कणा होता, आणि त्यावर साडेपाचशे ते सहाशे माणसं असत. ट्राफल्गारच्या लढाईत अ‍ॅडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’वर सुमारे ८२० होती. नुसतं जहाज हाकायला एवढी गर्दी लागत नाही. व्यापारी जहाजं त्यामानाने फार थोड्या खलाशांवर चालायची. बाकीची माणसं तोफांसाठी असत.

पण गर्दीतले सगळे सारखे नसत. तोफेचा दोर ओढायला कुणीही चालतो. वादळात डोलकाठीच्या टोकाला चढून ओलं, जड शीड गुंडाळणारा माणूस तयार व्हायला मात्र वर्षं जातात, आणि तो लहान वयातच समुद्रावर गेलेला असावा लागतो. असे तरबेज खलाशी देशात मोजके होते आणि शांततेच्या काळात ते सगळे व्यापारी जहाजांवर काम करत. संसदेने १७९२ सालासाठी आरमाराला १६,००० माणसं मंजूर केली होती. १८१० साली हा आकडा १,४५,००० होता. ही वाढ भागवायची कशी, या एका प्रश्नाभोवती बाकी सगळं फिरतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे वारंवार लागेल. खलाशी आरमाराच्या नोकरीत नसायचा, तो एका जहाजाच्या नोकरीत असायचा. जहाज मोडीत काढलं किंवा बंदरात बांधून ठेवलं की त्याचा हिशेब चुकता करून त्याला सोडून देत. अधिकारी घरी बसला तरी त्याला अर्धा पगार मिळे. खलाशाला काहीच नाही.

सुधारणांची सुरुवात कुणी केली?

एका कारकुनाने. सॅम्युअल पीप्स १६६० मध्ये आरमाराच्या कचेरीत लागला तेव्हा त्याला समुद्राचं काहीच कळत नव्हतं. गुणाकाराचे पाढेही तो तेव्हाच शिकला, तिशीच्या उंबरठ्यावर. पुढे तो अ‍ॅडमिरल्टीचा, म्हणजे आरमाराचा कारभार चालवणाऱ्या वरिष्ठ मंडळाचा, सचिव झाला.

त्या काळी जहाजांवर दोन जातीचे अधिकारी होते. एक दरबाराच्या ओळखीवर आलेले खानदानी, दुसरे डांबर लावलेल्या कॅनव्हासचे कपडे घालून लहानपणापासून जहाजावर वाढलेले, म्हणून ‘टारपॉलिन’ म्हणवले जाणारे. पहिल्यांना जहाज चालवता येत नसे, दुसऱ्यांना दरबारात कुणी ऐकून घेत नसे. पीप्सने एका गटाची बाजू न घेता डिसेंबर १६७७ मध्ये परीक्षा आणली. लेफ्टनंट व्हायचं तर वय किमान २० हवं, समुद्रावर तीन वर्षं झालेली हवीत, त्यातलं एक वर्ष मिडशिपमन म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून, शिवाय ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या कॅप्टनांचे दाखले हवेत, आणि वरिष्ठांसमोर तोंडी परीक्षा द्यायला हवी. ड्यूकचा मुलगा असला तरी हे चुकत नव्हतं, निदान कागदावर.

माझ्या मते या आरमाराच्या दोनशे वर्षांतली ही सगळ्यात महत्त्वाची सुधारणा. यात एकही नवं जहाज नाही, खर्च जवळपास शून्य. त्याच ब्रिटनच्या पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्याचं पद १८७१ पर्यंत पैसे मोजून विकत घेता येत होतं. आरमारात ते कधीच विकत मिळालं नाही.

मग वशिला संपला का?

छे. वशिल्याने आपली जागा बदलली, एवढंच. दर शंभर माणसांमागे चार नोकर ठेवायची कॅप्टनला मुभा होती, आणि हे ‘नोकर’ म्हणजे बहुतेक वेळा त्याचे भाचे, पुतणे, मित्रांची मुलं. पोरगं घरी शाळेत असतानाही त्याचं नाव जहाजाच्या हजेरीपटावर चढलेलं असे, म्हणजे समुद्रावरची वर्षं आपोआप भरत जात. ही नोकरांची पद्धत १७९४ मध्ये बंद झाली.

खुद्द नेल्सनचंच पाहा. मामा मॉरिस सकलिंगच्या जहाजावर तो १७७१ मध्ये गेला. ९ एप्रिल १७७७ रोजी त्याने लेफ्टनंटची परीक्षा दिली तेव्हा मामा आरमाराच्या कचेरीत कंट्रोलर होता आणि परीक्षकांमध्ये बसला होता. भाच्याचं वय विसाच्या वर असल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात तो अठरा वर्षांचा होता.

तरीही परीक्षा निरुपयोगी होती असं मला वाटत नाही. वशिला असलेल्या पोरालाही आता काही वर्षं ओल्या डेकवर काढावी लागत होती. नेल्सनने ती काढली होती. आणि वशिला नसलेल्याला दार अगदीच बंद नव्हतं. कोळशाच्या जहाजांवर वाढलेला शेतमजुराचा मुलगा जेम्स कुक १७५५ मध्ये साधा खलाशी म्हणून आरमारात आला आणि १७६८ मध्ये लेफ्टनंट झाला. अर्थात कुक एकच होता. परीक्षा पास होऊनही नेमणूक न मिळालेले, मिडशिपमन म्हणूनच म्हातारे झालेले लोक कितीतरी होते.

‘पिवळा अ‍ॅडमिरल’ म्हणजे काय?

एकदा कॅप्टन झालात की पुढची बढती निव्वळ ज्येष्ठतेने. यादीत तुमच्या वरची माणसं मरतील तसतसे तुम्ही वर सरकणार. यात गोची अशी की कर्तबगार माणूस पन्नासाव्या क्रमांकावर असेल तर त्याला अ‍ॅडमिरल करण्यासाठी वरच्या एकोणपन्नास जणांना आधी अ‍ॅडमिरल करावं लागे. त्यातले काही आजारी, काही सत्तरीतले, काही पहिल्यापासूनच कामाचे नसलेले.

जॉर्ज अ‍ॅन्सन अ‍ॅडमिरल्टीत असताना १७४७ मध्ये यावर तोडगा निघाला. ब्रिटिश ताफ्यात लाल, पांढरं आणि निळं अशी तीन पथकं होती आणि प्रत्येक अ‍ॅडमिरल त्यांतल्या एकाचा असे. नको असलेल्या ज्येष्ठ कॅप्टनला रिअर अ‍ॅडमिरलचं पद आणि त्याचा अर्धा पगार द्यायचा, पथक मात्र कुठलंच द्यायचं नाही. तो घरी बसणार आणि खालचा माणूस वर येणार. लोकांनी या बिनपथकाच्या अ‍ॅडमिरलांना पिवळा रंग बहाल केला. कुणाचा अपमान न करता अडगळ बाजूला काढायची ही युक्ती आजच्या सरकारी कचेऱ्यांनाही ओळखीची वाटेल.

अधिकाऱ्यांना गणवेशही अ‍ॅन्सनच्याच काळात, १७४८ मध्ये मिळाला. मागणी अधिकाऱ्यांचीच होती. खलाशांना तो १८५७ मध्ये मिळाला.

अधिकाऱ्यांना शिस्त लागू होती का?

होती, आणि कधीकधी भयंकर. १७४४ मध्ये तुलाँजवळच्या लढाईत अनेक जहाजं लांबच राहिली. त्यानंतरच्या कोर्ट मार्शलांमध्ये पुढे घुसलेला अ‍ॅडमिरल मॅथ्यूज बडतर्फ झाला आणि मागे राहिलेला लेस्टॉक निर्दोष सुटला. लोक चिडले. १७४९ मध्ये युद्धनियम नव्याने लिहिले गेले आणि त्यांत शिक्षेबाबत न्यायाधीशांच्या हातात फारसं काही ठेवलं नाही. त्यात सापडला अ‍ॅडमिरल बिंग. भूमध्य समुद्रातलं मिनोर्का हे बेट वाचवण्यासाठी शक्य ते सगळं केलं नाही, एवढाच त्याच्यावरचा दोष होता. भ्याडपणाच्या आरोपातून न्यायाधीशांनी त्याला मोकळं केलं, दयेची शिफारसही केली, पण नियमात मृत्यूशिवाय दुसरी शिक्षाच नव्हती. १४ मार्च १७५७ रोजी ‘मोनार्क’च्या डेकवर त्याला गोळ्या घातल्या. हा नियम १७७९ मध्ये सैल झाला.

खलाशाला पगार किती होता?

निष्णात खलाशाला २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग. त्यातून इस्पितळ, जखमींचा निधी, पाद्री आणि सर्जन यांच्या नावाने दीड शिलिंग कापून हातात साडेबावीस. हा दर १६५३ मध्ये ठरला आणि तेव्हा तो बरा होता. पुढे १७९७ पर्यंत तो बदलला नाही. १४४ वर्षं.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे पगार वेळेवर मिळत नसे. सतराव्या शतकात रोख पैशांऐवजी तिकीट, म्हणजे सरकारी चिठ्ठी देत. ती लंडनच्या कचेरीत जाऊन वटवायची, आणि तिजोरीत पैसे नसले तर वाट पाहायची. पोट भरायचं म्हणून खलाशी ती सावकाराला पडत्या भावाने विकून टाकत. १६६७ मध्ये डच ताफा मेडवे नदीत घुसून ‘रॉयल चार्ल्स’ हे इंग्रजांचं प्रमुख जहाज ओढून घेऊन गेला, तेव्हा डच जहाजांवर इंग्रज खलाशी होते. आधी आम्ही तिकिटांसाठी लढत होतो, आता रोख पैशांसाठी लढतो, असं ते ओरडून सांगत होते, अशी नोंद पीप्सच्या रोजनिशीत आहे. पगार थकवण्याचं काम ज्या कचेरीतून चाले, तिथेच तो बसत होता.

पुढे तिकिटं मागे पडली तरी सहा महिन्यांचा पगार मुद्दाम मागे ठेवायची प्रथा राहिली, म्हणजे माणूस पळून जाणार नाही. पळालाच तर त्याच्या नावापुढे ‘आर’ हे अक्षर पडे आणि सगळी बाकी जप्त. एका जहाजावरून दुसऱ्यावर बदली झाली तर हिशेब आणखी लांबे. १७५८ मध्ये जॉर्ज ग्रेनव्हिलच्या कायद्याने पगार ठरावीक वेळी देण्याची आणि त्यातला काही भाग घरी बायकोकडे पाठवण्याची सोय झाली. लढायांच्या धामधुमीत या कायद्याची आठवण कुणाला राहत नाही.

एक गमतीची गोष्ट. प्रत्येक जहाजाच्या पटावर दर शंभरामागे दोन अशी खोटी नावं असत, त्यांना ‘विधवांची माणसं’ म्हणत. अस्तित्वात नसलेल्या या खलाशांचा पगार नियमित निघे आणि विधवांच्या निधीत जाई. विधवा कुणाच्या, तर अधिकाऱ्यांच्या.

प्रेस गँग वाटेल त्याला उचलून नेत असे का?

प्रेस गँग म्हणजे आरमारासाठी माणसं सक्तीने पकडून आणणारी टोळी. नाटकांत तसं दाखवतात. कायद्याने हा अधिकार समुद्रावर किंवा नद्यांवर काम करणाऱ्या माणसांपुरता होता, साधारण १८ ते ५५ वयाच्या. शिंपी किंवा शेतकरी पकडून आणला तर त्याचा उपयोगही नव्हता, कारण टंचाई होती ती डोलकाठीवर चढणाऱ्यांची. चुका होत, जाणूनबुजूनही होत, पण बहुतेक पकडलेले लोक खलाशीच असत. बरेच जण तर बंदराच्या तोंडाशी, वर्ष-दोन वर्षांनी घरी परतणाऱ्या व्यापारी जहाजावरूनच काढून घेतले जात. घर दिसत असताना.

न्यायालयांनीही ही पद्धत मान्य केली होती. १७४३ मध्ये ब्रिस्टलजवळ ब्रॉडफूट नावाच्या खलाशाने पकडायला आलेल्या माणसाला मारलं. त्या खटल्यात न्यायाधीश मायकेल फॉस्टर यांनी पकडणाऱ्यांकडचं वॉरंट नीट वापरलं गेलं नव्हतं म्हणून त्याचा गुन्हा सौम्य ठरवला, पण सक्तीची भरती मात्र जुन्या वहिवाटीने कायदेशीर असल्याचं सांगितलं.

परिणाम काय झाला? १८०३ मध्ये नेल्सनने लिहून ठेवलं आहे की मागच्या युद्धात ४२,००० खलाशी पळून गेले. म्हणून मग जहाज बंदरात असताना माणसांना किनाऱ्यावर सोडायचंच नाही. म्हणून मग आणखी जण संधी मिळताच पळणार.

नोंदणी करून पाळीपाळीने बोलवायचं, एवढं साधं का जमलं नाही?

फ्रान्सने तेच केलं होतं. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६६८ पासून किनाऱ्यावरच्या सगळ्या खलाशांची नोंद करून त्यांचे वर्ग पाडले, आणि प्रत्येक वर्गाने तीन-चार वर्षांतून एकदा राजाच्या जहाजावर काम करायचं असं ठरवलं. कागदावर ही पद्धत इंग्रजांपेक्षा कितीतरी शहाणपणाची. पण फ्रान्सकडे मुळात खलाशी कमी होते, आणि तिथेही पगार थकत. शिवाय यादीतली माणसं एकदा शत्रूच्या हाती लागली की यादी रिकामी होते. १७५५ मध्ये इंग्रजांनी युद्ध जाहीर करण्याआधीच सुमारे ३०० फ्रेंच व्यापारी जहाजं पकडली, त्यांच्यावरच्या सुमारे ६,००० खलाशांसकट. जहाजांपेक्षा माणसं नेणं हाच यातला मोठा घाव होता.

इंग्लंडनेही १६९६ मध्ये नोंदणी करून पाहिली. ती ऐच्छिक होती. नाव घाला आणि वर्षाला दोन पौंड घ्या. ३०,००० माणसं मिळतील अशी अपेक्षा होती. तेवढी कधी आलीच नाहीत, आणि जी आली त्यांनाही दोन पौंड वेळेवर मिळाले नाहीत. १७१० मध्ये योजना गुंडाळली. यापुढे सक्तीच्या नोंदणीचा विषय काढला की संसदेत हा इंग्रज माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे अशी भाषणं होत. रात्री दारूच्या गुत्त्यातून खेचून नेणं त्या स्वातंत्र्यात कसं बसत होतं, ते भाषणं करणाऱ्यांनाच ठाऊक. मला यामागे हिशेब दिसतो. नोंद केली की सरकार त्या माणसाचं देणं लागतं. पकडून आणला तर काहीच लागत नाही.

लढाईत जास्त मरत की आजारात?

आजारात, आणि फरक थोडाथोडका नाही. सात वर्षांच्या युद्धात (१७५६-६३) १,८४,८९९ माणसं भरती झाली. लढाईत मेली १,५१२. आजाराने मेलेली किंवा बेपत्ता झालेली १,३३,७०८. ‘बेपत्ता’मध्ये पळून गेलेलेही येतात, तरी आकडा अंगावर येतो.

स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग, त्यावरचा उपाय सापडून तो लागू व्हायला किती वेळ गेला, हा या कहाणीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’वर जेम्स लिंड या सर्जनने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळं काही दिलं. संत्री आणि लिंबं खाणारे दोघे झपाट्याने सुधारले. १७५३ मध्ये त्याने ते छापलंही. आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांचा सगळा दोष कचेरीला देता येत नाही. लिंडने स्वतःच आपल्या शोधावर ठाम बोट ठेवलं नव्हतं, आणि रस टिकावा म्हणून तो उकळायची त्याची शिफारस होती. उकळल्यावर त्यातला गुण बराचसा जातो. शेवटी गिल्बर्ट ब्लेनसारख्या डॉक्टरांनी रेटा लावला. १७९४ मध्ये ‘सफोक’ हे जहाज हिंदुस्थानच्या सफरीवर निघालं आणि २३ आठवडे कुठे न थांबता चाललं. रोज ग्रॉगमध्ये औंसाचा दोन तृतीयांश लिंबूरस. स्कर्व्हीची मोठी साथ आली नाही. त्यानंतर वाद घालायला फारसं कुणी उरलं नाही.

ग्रॉग म्हणजे पाणी घातलेली रम. नुसती रम पिऊन माणसं डोलकाठीवरून पडत, म्हणून व्हर्नन या अ‍ॅडमिरलने १७४० मध्ये हा नियम केला.

जहाजावर सहाशे माणसांकडे लक्ष कोण देत होतं?

बराच काळ, नावानिशी कुणीच नाही. १७५५ च्या सुमारास व्हाइस अ‍ॅडमिरल थॉमस स्मिथने जहाजावरच्या माणसांचे गट पाडून प्रत्येक गट एका लेफ्टनंटच्या हवाली केला. पुढे हाव आणि केंपेनफेल्ट या अधिकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. आपल्या गटातल्या माणसाचे कपडे धुतलेले आहेत का, तो आजारी आहे का, नवखा असेल तर शिकतोय का, याचा जाब आता एका ठरावीक अधिकाऱ्याला द्यावा लागे. पुढे आलेल्या कुठल्याही दयाळू हुकमापेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं मी म्हणेन, कारण पहिल्यांदाच अधिकाऱ्याला खलाशाचं नाव माहीत असणं भाग पडलं. केंपेनफेल्ट १७८२ मध्ये ‘रॉयल जॉर्ज’ हे जहाज नांगरावर असतानाच बुडालं तेव्हा त्याच्याबरोबर गेला.

लुटीचा वाटा मिळायचा ना? मग तक्रार कसली?

मिळायचा, पण वाटणी पाहा. पकडलेल्या जहाजाच्या किमतीचे आठ भाग करत. त्यातले तीन कॅप्टनचे (वर अ‍ॅडमिरल असला तर त्यातला एक त्याचा), आणि दोन भाग शेकडो खलाशांत मिळून. १७६२ मध्ये ‘हर्मायनी’ हे खजिन्याने भरलेलं स्पॅनिश जहाज सापडलं तेव्हा कॅप्टनांना प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड मिळाले, साध्या खलाशाला सुमारे ४८५. ही आयुष्यातून एकदा, तीही लाखात एकाला लागणारी सोडत. खलाशाचा वाटा दुप्पट झाला तो १८०८ मध्ये.

आपल्याकडे ही पद्धत विजयदुर्गाला दिसली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचा शाही ताफा, कंपनीची जहाजं आणि क्लाइव्हचे सैनिक तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले, पेशव्यांच्या संमतीने. लुटीतले वाटे मोहिमेला निघण्याआधीच मुंबईत ठरले होते, क्लाइव्हला किती यावरून कुरबुरही झाली होती. किल्ला पडल्यावर लूट त्यांनी आपसात वाटून घेतली.

मराठा आरमारात अशी परीक्षा किंवा बढतीची पद्धत होती का?

पीप्सच्या परीक्षेसारखं काही नव्हतं. कोळी, भंडारी, गाबीत अशा किनाऱ्यावरच्या समाजांतून दर्यावर्दी येत, म्हणजे तरबेज माणसांची टंचाई इंग्रजांइतकी नव्हती. अडचण वरच्या टोकाला होती. सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आंग्रे घराण्यात राहिली. १७२९ मध्ये कान्होजी गेले, चार वर्षांनी सेखोजीही गेले, आणि मग संभाजी आणि मानाजी या भावांत फूट पडून आरमारच दुभंगलं. इंग्रजांचा अ‍ॅडमिरल मेला की यादीतला पुढचा येई. तो सुमार असू शकत होता, पण त्याच्यासाठी भाऊबंदकी होत नव्हती. १७५६ चा निकाल एवढ्यावर लागला असं म्हणणं धाडसाचं होईल, पेशव्यांचं राजकारणही त्यात होतं, पण हा फरक मोठा आहे.

१७९७ मध्ये स्पिटहेडला नेमकं काय झालं?

पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेडला चॅनल फ्लीट, म्हणजे इंग्लिश खाडीची राखण करणारा ताफा, नांगरून होता. महागाई वाढलेली, सैन्याला पगारवाढ मिळून गेलेली. त्यात १७९५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला ठरावीक माणसं आरमाराला द्यायची सक्ती झाली होती, आणि ती मिळावीत म्हणून काही ठिकाणी सत्तर पौंडांपर्यंत बक्षिसं मोजली गेली. समुद्र न पाहिलेल्या माणसाला सत्तर, आणि युद्धाच्या सुरुवातीला आपणहून आलेल्या तरबेज खलाशाला पाच. दोघं एकाच डेकवर झोपत होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जहाजांवरून लॉर्ड हावकडे अर्ज गेले. त्यांवर सह्या नव्हत्या, म्हणून ते बाजूला पडले. १६ एप्रिलला निघायचा हुकूम आला तेव्हा माणसं दोरखंडांवर चढली आणि त्यांनी तीनदा जयघोष केला. नांगर कुणी उचलला नाही. सोळा जहाजांतून प्रत्येकी दोन असे बत्तीस प्रतिनिधी ‘क्वीन शार्लट’वर अ‍ॅडमिरलच्या केबिनमध्ये बसले.

त्यांच्या मागण्या वाचल्या की बंडापेक्षा कामगार संघटनेचं पत्र वाटतं. पगार वाढवा. रसद मोजताना वजनाचा पौंड सोळा औंसांचा द्या, कारण जहाजावरचा पर्सर, म्हणजे रसदीचा कारभारी, नासधुशीच्या नावाखाली चौदा औंसांनाच पौंड म्हणत होता. बंदरात ताजी भाजी द्या. आजाऱ्यांची नीट काळजी घ्या, त्यांच्यासाठीच्या वस्तू चोरू नका. जखमी माणूस बरा होईपर्यंत त्याचा पगार कापू नका. बंदरात आल्यावर घरी जाऊ द्या. आणि फ्रेंच ताफा बाहेर पडला तर आम्ही लगेच लढायला निघू, हेही सांगितलं. जहाजावरची शिस्त त्यांनी स्वतःच कडक ठेवली, दारू पिणाऱ्यांना शिक्षा केल्या.

सरकारने मान्य केलं, राजाची माफी वाचून दाखवली, आणि मग संसदेत ठराव रेंगाळला. खलाशांना फसवणुकीचा वास आला. ७ मे रोजी पुन्हा जहाजं थांबली, आणि ‘लंडन’वर कोल्पॉइस या अ‍ॅडमिरलने प्रतिनिधींना चढू न देण्यासाठी गोळीबार करवला. माणसं मेली. खलाशांनी अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर काढून दिलं. शेवटी हाव स्वतः आला. एकाहत्तर वर्षांचा, संधिवाताने जर्जर झालेला हा म्हातारा जहाजामागून जहाजावर चढला, कायदा पास झाल्याचा कागद दाखवला, माफी दिली आणि नकोशा अधिकाऱ्यांना परत न पाठवण्याचंही कबूल केलं. १५ मेला प्रकरण मिटलं. पगार २४ वरून साडेएकोणतीस शिलिंग झाला, पौंड सोळा औंसांचा झाला, आणि कुणालाही फाशी झाली नाही.

सक्तीची भरती आणि चाबूक यांच्याविरुद्ध त्यांनी काहीच का मागितलं नाही?

काही क्रूर अधिकाऱ्यांची नावं दिली होती, चाबकालाच विरोध नव्हता. चोर आणि कामचुकार यांना चाबूक बसावा असं त्यांनाही वाटत होतं, कारण डोलकाठीवर शेजारच्याच्या आळसाने आपला जीव जातो. सक्तीच्या भरतीबद्दल मला वाटतं ते धोरणी होते. जे मिळणार नाही ते मागून मिळणारंही घालवायचं नाही.

नोरच्या बंडाचा शेवट वेगळा का झाला?

टेम्सच्या मुखाशी नोरला १२ मे रोजी सुरू झालेल्या बंडाने स्पिटहेडला मिळालं त्याहून जास्त मागितलं, आणि पुढे लंडनचा जलमार्ग अडवला. लोकमत फिरलं. सरकारने रसद तोडली, एकेक जहाज गळालं. ‘अध्यक्ष’ म्हणून निवडलेल्या रिचर्ड पार्करला ३० जूनला ‘सँडविच’वर फाशी दिलं, आणखीही अनेकांना.

मग चाबूक केव्हा गेला?

१७३१ च्या नियमांप्रमाणे कॅप्टनला स्वतःच्या अधिकारात बारा फटक्यांच्या वर जाता येत नव्हतं. चोवीस आणि छत्तीस सर्रास दिले जात. १८०६ मध्ये नियमातून ही मर्यादाच काढून टाकली, कारण ती कुणी पाळत नव्हतं! १८०९ मध्ये जाता-येता दोरीने मारणं बंद झालं. १८११ पासून प्रत्येक कॅप्टनला दर तिमाहीला शिक्षांचा तक्ता लंडनला पाठवावा लागला, आणि मग फटके खरोखर कमी होऊ लागले. शांततेच्या काळातली फटक्यांची शिक्षा १८७१ मध्ये थांबली, युद्धकाळातली १८७९ मध्ये.

१९४६ च्या मुंबईतल्या नाविकांच्या बंडाशी तुलना होऊ शकते का?

सुरुवातीपुरती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या मुंबईतल्या तळावर नाविकांनी निकृष्ट जेवण नाकारलं. पगारातला भेदभाव, अधिकाऱ्यांची शिवीगाळ, निवडलेली समिती, हे सगळं स्पिटहेडशी जुळतं. पण ‘तलवार’वर स्वातंत्र्याचा प्रश्न होता, स्पिटहेडच्या खलाशांना आपलंच सरकार हवं होतं. आणि १९४६ मध्ये सूडबुद्धीने कारवाई होणार नाही असा शब्द मिळूनही शेकडो नाविकांना काढून टाकलं गेलं.

खलाशी आरमाराचा कायमचा नोकर कधी झाला?

तोफांमुळे झाला. अचूक तोफ मारणं शास्त्र बनत चाललं तसं शिकवलेला माणूस जहाजाबरोबर सोडून देणं परवडेना. १८३० मध्ये पोर्ट्समथला ‘एक्सलंट’ या जहाजावर तोफखान्याची शाळा निघाली आणि तिथल्या माणसांशी काही वर्षांचे करार झाले. मग १८५३ मध्ये सरसकट योजना आली. वयाच्या अठराव्या वर्षापासून दहा वर्षांची नोकरी, जास्त पगार, दोन जहाजांच्या मधल्या काळातही तो आरमाराचाच माणूस. पीप्सने अधिकाऱ्यांसाठी परीक्षा आणली त्याला तोवर १७६ वर्षं झाली होती, आणि जहाजांवर वाफेची इंजिनं बसू लागली होती.

सक्तीची भरती रद्द करणारा कायदा कोणत्या साली झाला?

या काळात असा कायदा झालाच नाही. १८१५ नंतर ती वापरली गेली नाही. १८३५ च्या कायद्याने पकडलेल्या माणसाची सेवा पाच वर्षांपुरती मर्यादित केली, म्हणजे अधिकार शाबूतच ठेवला. १८५४ मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा बाल्टिकला निघालेल्या नेपियरच्या ताफ्याला माणसं कमी पडत होती. तरीही प्रेस गँग रस्त्यावर उतरली नाही. अपुऱ्या आणि नवख्या माणसांनिशीच तो ताफा निघाला.